प्लेस्टेशन पोर्टल घ्यावं का? (बाबांच्या खोलीत बसून खेळायचंय)

कृष्णाकाठ | १० जानेवारी, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हा प्रश्न मनात घोळतोय, म्हणून शेवटी धागाच काढला.

आधी घरची परिस्थिती सांगतो, कारण त्याशिवाय प्रश्नाला अर्थ नाही. ऑक्टोबरात बाबा बाथरूममध्ये घसरले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून चार पावलं टाकतात, पण रात्री उठायचं तर कुणीतरी लागतंच. दिवसा आई आणि कामाला येणाऱ्या मावशी असतात. रात्री दहा ते दोन त्यांच्या खोलीत मी बसतो, दोननंतर धाकटा भाऊ. बाबांची झोप तुटक आहे. तासाभरात एकदा तरी हाक येते. पाणी हवं असतं, कूस बदलायची असते, कधी नुसतंच 'आहेस ना रे?'

या चार तासांत पुस्तक वाचून पाहिलं, तर दिव्यामुळे त्यांना झोप लागत नाही. फोनवर रील्स बघत बसलो की दोन वाजेपर्यंत डोकं बधिर होतं आणि सकाळी कामावर जायचं असतं. हॉलमध्ये पीएस५ (सोनीचा टीव्हीला जोडून खेळायचा कन्सोल) आहे. हौसेनं घेतला होता, ऑक्टोबरपासून एकदाही सुरू केलेला नाही.

पोर्टल, म्हणजे पीएस५ वरचा खेळ दुसऱ्या खोलीत हातात धरून खेळायचा पडदा, भारतात १८,९९० रुपयांना आलं. ते घेतलं तर बाबांच्या खोलीत बसून खेळता येईल असं वाटतंय. पण घर जुनं आहे, सांगलीतलं, विटांचं. राउटर आणि पीएस५ दोन्ही हॉलमध्ये टीव्हीशेजारी. बाबांची खोली स्वयंपाकघराच्या मागे, मध्ये दोन नऊ इंची भिंती. नेट १०० एमबीपीएसचं, इथल्याच केबलवाल्याचं. त्या खोलीत फोनवर वायफायच्या दोन काड्या दिसतात.

एवढे पैसे घालावेत का? ज्यांनी वापरलंय त्यांनी कृपया मोकळेपणाने सांगा.

---

निशाचर | ११ जानेवारी, ००:१५

बाबांना लवकर आराम पडो.

माझ्याकडे पोर्टल आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात आलं त्याच महिन्यात घेतलं. पुण्यात दोन बीएचके फ्लॅट, मुलगी नऊला झोपते, टीव्ही तिच्या खोलीला लागूनच्या भिंतीवर. त्यामुळे तुमची अडचण नेमकी कळली.

मी समाधानी आहे, आणि का ते सांगतो. हे यंत्र एकच काम करतं. पीएस५ वर चाललेला खेळ वायफायवरून आठ इंची पडद्यावर आणायचा आणि तुमची बटणं परत पीएस५ ला कळवायची. पडदा एलसीडी, १०८०पी, ६० फ्रेम. दोन्ही बाजूंना पीएस५ चा ड्युअलसेन्स कंट्रोलर मधोमध कापून लावल्यासारखी पकड. ट्रिगरचा ताण, बारीक कंपन, सगळं तसंच्या तसं येतं. वजन अर्ध्या किलोच्या आसपास आहे, पण पकड चांगली असल्यामुळे मनगट दुखत नाही. काड्या (स्टिक) मात्र कंट्रोलरपेक्षा थोड्या लहान आहेत, हाताला सवय व्हायला दोन दिवस गेले. माझ्या वापरात बॅटरी सहा-सात तास पुरते, म्हणजे तुमची एक रात्र आरामात.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं: बटण दाबलं की झोपलेला पीएस५ उठतो आणि साधारण अर्ध्या मिनिटात खेळ जिथे सोडला होता तिथून समोर येतो. हाक आली की बटण दाबून बाजूला ठेवायचं. मुलगी रात्री रडत उठते तेव्हा मी हेच करतो.

आता उणिवा. ब्लूटूथ नाही. नेहमीचे ब्लूटूथ इअरबड चालणार नाहीत, सोनीचे ठरावीक हेडफोन किंवा मग ३.५ मिमीची साधी वायर. त्यात स्वतःचं कुठलंही अ‍ॅप टाकता येत नाही. सिम नाही. आणि तुमच्याकडे नेट किंवा पीएस५ यातलं एक जरी बंद असेल तर ते हातातलं जड ताट आहे.

---

बेळगावी_कुंदा | ११ जानेवारी, ००:५०

मी विरोधी मत मांडतो.

जवळजवळ १९ हजार देऊन तुम्हाला नवा खेळ मिळत नाही, नवं मशीन मिळत नाही, जे आधीच घरात आहे ते दुसऱ्या खोलीत दिसतं. त्यासाठी मोफत अ‍ॅप आहे: पीएस रिमोट प्ले. फोनवर टाका, आहे तोच कंट्रोलर ब्लूटूथने जोडा, झालं. दोन-अडीच हजारांत फोन अडकवायची चांगली क्लिप मिळते.

पैसे घालायचेच असतील तर थोडं थांबून असं हँडहेल्ड (हातात धरून खेळायचं यंत्र) घ्या ज्यात खेळ स्वतः चालतो. असुसचा आरओजी अ‍ॅलाय २०२३ च्या जुलैत भारतात ६९,९९० ला आला होता, आता जुने नग बऱ्यापैकी कमी किमतीत निघतात. स्टीम डेक (तसंच दुसरं हँडहेल्ड) भारतात अधिकृतपणे विकला जात नाही, माझा मामेभावाने बाहेरून आणलाय. त्यावर चियाकी नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकून मी पीएस५ सुद्धा खेळतो, आणि बंगळूर-बेळगाव रात्रीच्या बसमध्ये नेट नसताना त्याचे स्वतःचे खेळही चालतात. एका यंत्रात दोन्ही.

पोर्टल हे श्रीमंत घरातलं दुसरं खेळणं आहे असं माझं प्रामाणिक मत.

---

निशाचर | ११ जानेवारी, ०१:०५

@बेळगावी_कुंदा, बसचा मुद्दा बरोबर. पण धागाकर्त्यांना बसमध्ये खेळायचं नाही, घरातल्या घरात वीस फुटांवर खेळायचंय. आणि खेळ पीएस५ वर आधीच घेतलेले आहेत. अ‍ॅलाय घेतला तर तेच खेळ पुन्हा विकत घ्यावे लागतील.

---

मोरपंखी_रेघ | ११ जानेवारी, सकाळी ०७:३०

राग मानू नका, पण वडील अंथरुणाला खिळलेले असताना खेळायचं सुचतं कसं? त्या चार तासांत त्यांच्याकडे लक्ष द्यावं, नामस्मरण करावं. आमच्या सासऱ्यांच्या आजारपणात आम्ही टीव्हीसुद्धा लावला नव्हता.

---

सई_ता | ११ जानेवारी, सकाळी ०९:१०

मोरपंखी ताई, तुमच्या घरी तुम्हाला जे झेपलं ते तुम्ही केलंत. पण मी आईजवळ अकरा महिने रात्री बसले आहे, म्हणून लिहिते. जागं राहायचं आणि काहीही करायचं नाही, हे पहिले आठ दिवस जमतं. नंतर माणूस बसल्या जागी पेंगतो, हाक ऐकू येत नाही, आणि मग स्वतःचाच राग येतो. मी विणकाम करायचे. अंधारात, नुसत्या बोटांनी. त्या विणकामाने मला जागं ठेवलं, आणि आईला सुयांचा आवाज ऐकून बरं वाटायचं की कुणीतरी आहे. त्या मुलाला खेळू दे. तो खोलीत बसलेला आहे हेच मोठं आहे.

कृष्णाकाठ, तुला (अरे-तुरे करते, चालेल ना?) माझ्याकडून दोनच गोष्टी. एक, दोन्ही कानात इअरफोन कधीही घालू नकोस. एकच कान, तोही बाबांच्या विरुद्ध बाजूचा. पोर्टलला वायरचा इअरफोन चालतो असं वर लिहिलंय, ते तुझ्या फायद्याचंच आहे, चार्ज संपायची भानगड नाही. दुसरी, खुर्ची अशी ठेव की पडद्याचा उजेड भिंतीवर पडेल, पलंगावर नाही.

---

कृष्णाकाठ | ११ जानेवारी, दुपारी ०१:२०

सई ताई, अरे-तुरेच करा. तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला.

मोरपंखी ताई, राग अजिबात नाही. बाबा स्वतः मला म्हणतात, 'नुसता बसून माझ्याकडे बघत जाऊ नकोस.' ते एसटीत चालक होते, एकतीस वर्षं. रात्रीच्या गाडीला कंडक्टर गप्प बसला की त्यांना झोप यायची, असं सांगतात.

---

वायरमन_नाशिक | ११ जानेवारी, दुपारी ०३:४५

मी नेटवर्किंगचं काम करतो, घरं आणि छोटी ऑफिसं. गेल्या दोन वर्षांत पोर्टल घेऊन 'लॅग येतोय हो' (बटण दाबल्यावर उशीर होतोय) म्हणणारे बरेच जण माझ्याकडे आले. बहुतेक घरांत पोर्टल व्यवस्थित होतं, घरातलं वायफाय कच्चं होतं. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, १०० एमबीपीएस हा आकडा तुमच्या कामाचा नाही. घरातल्या घरात खेळताना चित्र पीएस५ वरून राउटरकडे आणि राउटरवरून पोर्टलकडे जातं. ते घराबाहेर जातच नाही. सोनीने किमान ५ आणि चांगल्या अनुभवासाठी १५ एमबीपीएस सांगितलंय. एवढा वेग कुठलाही बरा राउटर देतो. (तरी नेट चालू असावं लागतं, जोडणी करताना खातं तपासलं जातं.)

खरा प्रश्न सातत्याचा आहे. ६० फ्रेम म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदाला एक चित्र. पीएस५ ते चित्र तयार करतो, दाबून लहान करतो, हवेतून पाठवतो, पोर्टल ते उलगडतं, दाखवतं. तुम्ही बटण दाबलं की निरोप उलटा जातो. हे सगळं चालू असताना वायफायने मध्येच ८०-१०० मिलिसेकंदांची उचकी दिली की पाच-सहा चित्रं गेलीच. सिनेमा बघताना पुढचं थोडं आधीच साठवलेलं असतं म्हणून ती उचकी कळत नाही. खेळात पुढचं साठवता येत नाही, कारण पुढे काय होणार ते तुमच्या अंगठ्यावर आहे. म्हणूनच 'माझ्याकडे फोर-के सिनेमे मस्त चालतात' याचा इथे काही उपयोग नसतो.

आता तुमचं घर. नऊ इंची विटांच्या दोन भिंती. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वेगवान असतात, पण भिंत त्यांना फार लवकर खाते. म्हणून तुमचा फोन त्या खोलीत बहुधा २.४ वर उतरत असणार. तिथे शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह, सगळ्यांची गर्दी. दोन काड्या दिसतात त्या याच. आणि मध्ये स्वयंपाकघर म्हणजे फ्रिज, स्टीलच्या भांड्यांची मांडणी. धातू लहरी परतवतो.

माझा सल्ला या क्रमाने. आज एक रुपयाही खर्च करू नका. पीएस५ राउटरशेजारीच आहे, तर एक मीटरची लॅन केबल घालून तो वायरने जोडा. यामुळे हवेतला अर्धा प्रवास संपतो. ही गोष्ट इतकी सोपी आहे आणि इतके कमी लोक करतात! मग पीएस५ च्या सेटिंगमध्ये रिमोट प्ले सुरू करा, आणि रेस्ट मोडमध्ये (पीएस५ झोपलेला असताना) 'स्टे कनेक्टेड टू द इंटरनेट' व 'टर्निंग ऑन फ्रॉम नेटवर्क' हे दोन्ही चालू ठेवा. फोनवर रिमोट प्ले अ‍ॅप टाका, कंट्रोलर जोडा आणि बाबांच्या खोलीत त्याच खुर्चीत, त्याच वेळी, आठ रात्री खेळून बघा. पोर्टलला वायफाय ५ पर्यंतचंच वायफाय आहे, तेव्हा तुमचा फोन जिथे अडखळतो तिथे पोर्टलही अडखळणार.

अडखळलंच तर हॉलमधून त्या खोलीपर्यंत कॅट ६ केबल ओढा आणि टोकाला, त्या खोलीत वायफाय द्यायला, दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावा. घरात जुना ५ गिगाहर्ट्‌झवाला पडला असेल तर तोही चालेल, फक्त त्यातलं डीएचसीपी (यंत्रांना नेटवर्कचे पत्ते वाटण्याची सोय) बंद करायचं. नवे महागडे मेश (एकमेकांना जोडलेले अनेक) राउटर विकायला लोक टपलेले असतात. दोन जाड भिंतींपुढे बिनतारी मेशही थकतो. वायर थकत नाही.

आणि एक, हे विसरू नका: केबल जमिनीवरून नेऊ नका. घरात वॉकर आहे.

---

निशाचर | ११ जानेवारी, संध्याकाळी ०६:००

वायरमन साहेब, +१. मी पोर्टल आधी घेतलं आणि वायर नंतर ओढली. पहिला महिना उगाच यंत्राला दोष देत होतो.

एक भर: पीएस५ झोपेतून उठला की काही घरांत हॉलमधला टीव्हीही आपोआप सुरू होतो. आमच्याकडे रात्री साडेअकराला झाला होता. पीएस५ च्या एचडीएमआय सेटिंगमध्ये टीव्हीशी जोडलेलं ते कलम बंद करा.

---

एडिसनकर | ११ जानेवारी, रात्री ०८:३०

न्यू जर्सीहून लिहितोय. इथे पोर्टल नोव्हेंबर २०२३ मध्ये १९९.९९ डॉलरला आलं. मीही तेव्हा 'नुसता पडदा' म्हणून सोडून दिलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यात क्लाउडवरून खेळण्याची चाचणी सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती सोय रीतसर आली. आता माझा पीएस५ बंद असला तरी बरेच खेळ थेट सोनीच्या सर्व्हरवरून येतात, त्यात मी विकत घेतलेले काही डिजिटल खेळही आहेत. त्यानंतर मी घेतलं.

पण भारतातल्या मंडळींनी इथले व्हिडिओ बघून फसू नये म्हणून मुद्दाम लिहितोय. ही सोय प्लेस्टेशन प्लस या सोनीच्या वर्गणीतल्या प्रीमियम प्रकाराच्या सभासदांना आहे. भारतात प्रीमियम नाहीच, त्याजागी डीलक्स आहे, आणि डीलक्समध्ये क्लाउड नाही. म्हणजे आज सांगलीत पोर्टल घेतलं तर ते पीएस५ च्या जिवावरच चालणार. उद्या क्लाउड येईल या आशेवर पैसे घालू नका. गुगलचं स्टेडिया, तशीच क्लाउडवरून खेळायची सेवा, १८ जानेवारी २०२३ ला बंद झालं. त्यांनी यंत्राचे आणि खेळांचे पैसे परत केले ही चांगली गोष्ट, पण कंपनीच्या सर्व्हरवर उभा असलेला छंद एका पत्रकाने संपतो हे त्यातून दिसलं. तुमच्या हॉलमधला पीएस५ तुमचा आहे.

---

टाळ_चिपळ्या | ११ जानेवारी, रात्री ०९:१५

एक्सबॉक्सचं क्लाउड गेमिंग नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात आलंय की. गेम पास (एक्सबॉक्सची वर्गणी) असेल तर फोनवर, टीव्हीवर खेळता येतं, कन्सोलही लागत नाही. त्याचा विचार केला का?

---

एडिसनकर | ११ जानेवारी, रात्री ०९:४०

@टाळ_चिपळ्या, ज्याच्याकडे काहीच नाही त्याने तिथूनच सुरुवात करावी, यात शंका नाही. पण धागाकर्त्यांकडे पीएस५ आणि त्याचे खेळ आहेत.

---

शापोराकाठ | १२ जानेवारी, सकाळी १०:०५

विजेबद्दल कुणीच लिहिलं नाही. आमच्या गोव्यात पावसाळ्यात रोज रात्री दोनदा तरी वीज जाते. पोर्टलला बॅटरी आहे, पण पीएस५ आणि राउटरला नाही. खेळताना पीएस५ साधारण २०० वॅट ओढतो. मी १५० एएचच्या बॅटरीचा साइनवेव्ह इन्व्हर्टर लावलाय, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, प्रत्यक्षात पंखा-दिवा धरून चार-पाच तास आरामात जातात. चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर कन्सोल लावू नये. आणि इन्व्हर्टर वीज बदलताना क्षणभर जो झटका बसतो त्यात राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, दोन-तीन मिनिटं गेली. त्याला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावल्यापासून निवांत.

मी पोर्टल बाहेर न्यायच्या इच्छेने घेतलं होतं, आणि तिथे मात्र निराशा झाली. माझ्या स्थानिक पुरवठादाराकडे ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळत नाही, शेकडो घरं एकाच आयपीमागे. त्यामुळे बाहेरून घरच्या पीएस५ ला गाठताना कधी जोडणी होते, कधी नाही. शिवाय बाहेरून खेळताना घरच्या नेटचा अपलोड वेग लागतो, डाउनलोडचा नाही. आणि फोनच्या हॉटस्पॉटवर तर विचारू नका. १५ एमबीपीएसने तासाला पावणेसात जीबी होतात. रोजचा दोन जीबीचा पॅक सतरा-अठरा मिनिटांत संपला.

घरात मात्र रोज वापरतो.

---

मधुरा_डों | १२ जानेवारी, दुपारी ०४:३०

डोंबिवली, वन बीएचके, चार माणसं, एक टीव्ही. मी फोन आणि क्लिपवर दीड वर्ष काढलंय, त्यामुळे माझा अनुभव बेळगावी दादांच्या बाजूचा. स्टारड्यू व्हॅली, बाल्डर्स गेट ३ असे निवांत, आळीपाळीचे खेळ फोनवर उत्तम. बाल्डर्स गेटची अक्षरं मात्र सहा-साडेसहा इंचांवर इतकी बारीक दिसतात की माझा चष्म्याचा नंबर आठवतो. स्ट्रीट फायटर ६ सारखं मारामारीचं काही मी तरी स्ट्रीम करून खेळत नाही. तिथे दोन फ्रेमनेसुद्धा हार-जीत ठरते.

पण एक गोष्ट फोनची खरंच त्रासाची. खेळ चालू असताना फोन येतो आणि सगळं तुटतं. कृष्णाकाठ, तुम्हाला रात्री फोन लागू शकतो. डॉक्टर, भाऊ, कुणीही. त्या वेळी तो क्लिपमध्ये अडकलेला आणि बॅटरी १२ टक्के, असं होऊ देऊ नका. अ‍ॅपसाठी घरातला जुना फोन वेगळा ठेवा.

---

कृष्णाकाठ | १३ जानेवारी, रात्री ०२:२५

भावाला आत्ता पाळी दिली. पहिली रात्र: पीएस५ ला वायर जोडली, आईचा जुना फोन घेतला. हॉलमध्ये बसून चाललं तर अगदी झकास. बाबांच्या खोलीत चित्र दर मिनिटाला फुटत होतं, आवाज तुटत होता. वायरमन साहेब म्हणाले तसंच, २.४ वर उतरत होता. ५ वर जबरदस्तीने लावला तर जोडणीच सुटते.

---

वायरमन_नाशिक | १३ जानेवारी, सकाळी ०८:००

अपेक्षित होतं. आता वायर ओढा. माळा आहे का?

---

कृष्णाकाठ | १३ जानेवारी, सकाळी ०८:२०

स्वयंपाकघरावर पूर्ण माळा आहे, दोन्ही बाजूंच्या भिंतींत जुन्या विजेच्या पाइपची भोकं आहेत.

---

वायरमन_नाशिक | १३ जानेवारी, सकाळी ०८:२६

मग अर्ध्या दिवसाचं काम. विजेच्या वायरच्या पाइपमध्येच घालू नका, वेगळी पट्टी करा. अ‍ॅक्सेस पॉइंटला ५ गिगाहर्ट्‌झचं नाव वेगळं द्या आणि पोर्टल किंवा फोन फक्त त्यालाच जोडा. चॅनल ३६ ते ४८ पैकी एखादा ठेवून बघा. मग त्या खोलीतून राउटरला पिंग करा (निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते बघा). पाच मिलिसेकंदांच्या आत आणि न उसळता दहा मिनिटं राहिलं की काम झालं.

---

बेळगावी_कुंदा | १३ जानेवारी, दुपारी ०१:००

आणि वायर ओढल्यावर फोनवर नीट चाललं तर १९ हजार वाचले. ते बाबांच्या फिजिओला उपयोगी पडतील. कडवटपणे लिहीत नाहीये, मनापासून लिहितोय.

---

कृष्णाकाठ | १९ जानेवारी, रात्री ०२:४०

सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात.

रविवारी मी आणि भावाने माळ्यावरून वायर नेली. केबल, पट्टी, दोन सॉकेट आणि ओळखीच्या इलेक्ट्रिशियनची मजुरी मिळून दोन हजारांच्या थोडं वर गेलं. राउटर कपाटात पडलेलाच होता. वायर दाराच्या चौकटीवरून खाली येते, बाबांच्या वॉकरच्या वाटेत काहीही नाही. पिंग तीनच्या आसपास, रात्रभर.

सोमवारपासून फोनवर खेळतोय. चित्र एकदाही फुटलेलं नाही. बेळगावी दादा, बुधवारपर्यंत मी तुमच्याच मताचा झालो होतो. फोनवर सगळं होत असेल तर पोर्टल कशाला? तसं लिहून धागा संपवणारही होतो.

मग गुरुवारी रात्री बाबांना झोप येत नव्हती. साडेबारा झाले असतील. मी ग्रॅन टुरिस्मो ७ हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावला होता, जर्मनीतल्या नुर्बर्गरिंगचा तो वीस किलोमीटरचा जुना रस्ता, दोन्हीकडे झाडी, वळणावर वळण. बाबा म्हणाले, 'काय चाललंय, दाखव.' मी फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी डोळे बारीक केले, मान पुढे घेतली. मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालंय. 'काही दिसत नाही रे, नुसतं हिरवं हिरवं.' आणि परत उशीवर डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी भावाच्या मित्राकडून त्याचं पोर्टल दोन रात्रींसाठी मागून आणलं. शुक्रवारी रात्री पलंगाचं डोकं वर केलं, खुर्ची त्यांच्या उशीजवळ ओढली, आणि दोघांच्या मध्ये ते धरून तोच रस्ता लावला. आठ इंच म्हणजे काही मोठा पडदा नाही. पण त्यांना रस्ता दिसला. कठडे दिसले, उतार दिसला. दोन वळणं झाल्यावर म्हणाले, 'हा तर आंबा घाट.' सांगली-रत्नागिरी त्यांनी कित्येक वर्षं केली. मग गाडीची तब्येत कशी आवाजावरून कळते, पावसात साखरप्याच्या अलीकडे ब्रेक कसे जपायचे, धुक्यात पुढच्या ट्रकचा मागचा दिवा कसा धरून चालायचं, असं पाऊण तास बोलत होते. ऑपरेशननंतर ते सलग एवढं बोललेले मला आठवत नाहीत. पावणेदोनला झोपले. भाऊ आला तेव्हा गाढ झोपेत होते.

आज नवं पोर्टल मागवलं. मित्राचं उद्या परत देतोय.

सई ताई, एकच कान, डावा. खुर्ची आता भिंतीकडे नाही, पलंगाकडे आहे, पण ते त्यांनीच सांगितलंय.

---

बेळगावी_कुंदा | १९ जानेवारी, सकाळी ०९:३०

माझा विरोध मागे. घ्या आणि खेळा.

एक विनंती: गाडी ऑटोवर ठेवली असेल तर मॅन्युअल करा. एसटीवाल्यांना ऑटो गियर बघवत नाहीत, माझे आजोबाही चालक होते.

---

सई_ता | १९ जानेवारी, सकाळी ११:००

वाचून डोळे भरले. बाबांना माझा नमस्कार सांग.

---

वायरमन_नाशिक | १९ जानेवारी, दुपारी १२:१५

अ‍ॅक्सेस पॉइंट पलंगाच्या डोक्याशी टेकवून ठेवू नका, गरम होतो. भिंतीवर वर लावा. पोर्टल आलं की सगळ्यात आधी त्याचं सॉफ्टवेअर अपडेट करून घ्या, पेटीतून काढल्यावर बहुधा जुनंच असतं.

---

कृष्णाकाठ | १९ जानेवारी, रात्री १०:१०

वर लावलाय, छतापासून एक फूट खाली.

गियर मॅन्युअल केलेत. बाबा जागे आहेत, म्हणतात आधी दुसऱ्यावर घे आणि मगच वळव. जातो.